मिनिटाला वीस

आवडी, सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

व्हॉट्सॲपवर तुला काही पाठवलं की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच होत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला निळ्या खुणा नसतात. तू वाचलंस की नाही हे मला कळणार नाही आणि उत्तर दिलं नाहीस तरी तुला अवघड वाटणार नाही, म्हणजे दोघांचीही सोय झाली. पत्ता आईकडून घेतला. तिने विचारलं, कशाला हवा, तर मी म्हटलं, कागदपत्रांसाठी. तिला ते लगेच पटलं. बाबा गेल्यापासून या घरात सगळं कागदपत्रांसाठीच चालतं.

बातमी अशी की माझं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आलं. आता मी कागदोपत्री पक्की नर्स आहे. वीस तारखेला, शुक्रवारी, चेन्नईत अण्णा नगरच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये इंटरव्ह्यू आहे. पहिलाच. बाबांच्या फॅक्टरीने क्वार्टर ऑगस्टपर्यंत ठेवायला परवानगी दिली आहे. त्याच्या आत नोकरी लागली तर हॉस्पिटलच्या जवळपास कुठेतरी दोन खोल्या बघून आईला तिकडे नेईन. नाही लागली तर प्रमोदिनी आत्या तिला बेंगळुरूला बोलावते आहे, आणि आईला तिथे जायचं नाही. तिला इथून हलायचंच नाही म्हण. बाबांनी लावलेला कढीपत्ता आता खिडकीच्या वर गेलाय.

मला खूप भीती वाटते आहे, दादा. मी चार वर्षांत कितीतरी सुया टोचल्या, पण तीन माणसं टेबलापलीकडे बसून माझ्याकडे बघणार या विचाराने मी रात्री उठून उत्तरं घोकते. तुला आठवतं का, केंद्रीय विद्यालयाच्या मुलाखतीआधी तू बाबांचा चष्मा लावून कॉटवर बसला होतास नि मला विचारत होतास, "बोलो बेटी, तुम्हारा नाम क्या है?" मी सहा वर्षांची होते नि दर वेळी हसत सुटायचे. शेवटी तू चिडून चष्मा काढलास आणि म्हणालास, हिला कुणी घेणार नाही, हिला घरीच ठेवा. मला घेतलं. तू मात्र ते श्रेय अजून घेतोस. म्हणजे घ्यायचास.

खरं सांगायचं तर हे पत्र इंटरव्ह्यूबद्दल लिहायला बसले नव्हते. त्या रविवारी, बाबांना न्यायच्या आधी, सगळे तुला बोलत होते आणि मी गप्प बसले. त्याबद्दल लिहायचं होतं. आता पान संपत आलंय म्हणून थांबते, आणि पान संपलं याचं मला बरंच वाटतंय हेही लिहून टाकते.

तुझी
ऊर्मी

आवडी, शुक्रवार, १३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

भव्या रोज दुपारी येते. कॉलेजातली माझी मैत्रीण, उंच, केसात कायम मोगरा. तू तिला एकदा बघितलं आहेस, बाबांच्या दहाव्याला ती भांडी घासायला बसली होती. ती माझा इंटरव्ह्यू घेते. आईच्या शिवणाच्या मशीनमागे खुर्ची टाकून बसते आणि तमिळमध्ये फर्मावते, आत ये, उभी राहा, आता बस. मी बसले की म्हणते, "एन्न डी, काय गं, असं तोंड करून बसलीस तर पेशंटच उठून तुला सलाईन लावेल."

प्रश्न तेच तेच असतात. स्वतःबद्दल सांगा. औषध देण्याआधी काय काय तपासता? दोन पेशंट एकाच वेळी हाका मारत असतील तर आधी कुणाकडे जाल? काल तिने विचारलं, चार्टमध्ये नोंद चुकली तर काय करशील? हे मला पाठ आहे. खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या आकड्यावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही नि तारीख. एखादी नोंद करायची राहूनच गेली असेल तर? तर ती मागाहून करायची, पण 'उशिरा केलेली नोंद' असं स्पष्ट लिहून. भव्या म्हणाली, सरि, बरोबर, फुल मार्क.

मग तिने कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला. "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." आणि स्वतःच म्हणाली, इथे खरी चूक सांगायची नसते, मी फार जास्त काम करते असलं काहीतरी सांगायचं असतं. मी म्हटलं, मला पाणी प्यायचंय. आत आले आणि ओट्याजवळ बराच वेळ उभी राहिले.

तर लिहितेच.

गुरुवारी, एकतीस जुलैला, दुपारी तुझा फोन आला होता. तू चाकणच्या प्लँटमधून, कुठल्यातरी जिन्यात उभा राहून बोलत होतास, मागे मशिनचा आवाज येत होता. बाबा हृदयाच्या दुखण्यानंतर हॉस्पिटलमधून घरी येऊन तीन आठवडे होत आले होते. तू म्हणालास, "ऊर्मे, उद्याचं सकाळचं विमान आहे, मी तिकीट काढून ठेवलंय. येऊ का?" मी म्हटलं, "नको, सगळं स्थिर आहे, मी आहे ना. आत्ता रजा घालवू नकोस, दिवाळीला ये चांगला आठ दिवस." तू दोनदा विचारलंस. दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी जरा रागावलेच, की तुला माझ्यावर विश्वास नाही का. मग तू तिकीट रद्द केलंस. शनिवारी सकाळी अकराला बाबा गेले.

मी तसं का म्हटलं असेन याचा मी सहा महिने विचार करते आहे. मला मोठेपणा हवा होता. बिल्डिंगमधले सगळे म्हणत होते, रत्नाकर सरांना काय काळजी, घरात नर्स आहे. आई शेजारणींना सांगायची, माझी मुलगी तीन वेळा सगळं मोजून लिहिते, हॉस्पिटलपेक्षा बरं. तू आला असतास तर आईने तुझ्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडला असता, नेहमी सोडते तसा, आणि मी पुन्हा धाकटी झाले असते. इतकं क्षुद्र कारण आहे. तुला लिहिताना मान खाली जाते आहे.

आणि मग तो रविवार. तू रात्रीच पोचला होतास. हॉलमध्ये फ्रीझर बॉक्सची मोटर चालू होती, काचेतून बाबा दिसत होते, आणि आत्या बेंगळुरूहून येऊन टेकल्या टेकल्या सगळ्यांसमोर म्हणाली, "तीन आठवडे बाप अंथरुणाला खिळला होता आणि पोटच्या पोराला एक फेरी जमली नाही." खोलीत वीस तरी माणसं होती. आईने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ऊर्मी, तू कळवलं होतंस ना याला?" मी म्हटलं, "हो, कळवलं होतं."

ते खोटं नव्हतं, आणि त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात बोलले नाही. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता तू सांगशील, आणि सांगायला हवं होतंस. पण तू खाली बघून शर्टाची बटणं काढायला लागलास, कारण भटजींनी उघड्या अंगाने बसायला सांगितलं होतं. नंतर आईही तुला बोलली. तुझ्या बापाची नजर दाराकडे होती, म्हणाली. तू तेही ऐकून घेतलंस. तेरा दिवस एका घरात राहिलो, मधे राखी होती, ती सुतकात गेली, आणि तू मला फक्त "तांब्या दे" आणि "टॉवेल कुठाय" एवढंच बोललास. चौदाव्या दिवशी गेलास. दर रविवारी आईला फोन करतोस आणि मी खोलीत असले तर आईच्या आवाजावरून तुला ते कळतं.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

ऊर्मी

बुधवार, १८ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू यापुढे आईचाही फोन उचलणार नाहीस अशी भीती वाटते.

आईने आज माझी फाइल लावायला घेतली. मार्कशीट, रजिस्ट्रेशन, अनुभवाचं पत्र, एकेक प्लॅस्टिकच्या कव्हरात. शेवटच्या कव्हरात तिने बाबांची वही घातली. तुला ती वही माहीत असेल, बाबांच्या फोटोपुढे ठेवलेली असते, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर बाबांनी स्वतः 'श्री' लिहिलं होतं, आणि खाली माझी ओळी-रकाने पाडून केलेली नोंद. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बावीस दिवस. आई तिला रोज हळदकुंकू लावते. म्हणाली, "दाखव त्यांना. शेवटच्या सकाळपर्यंत माझ्या मुलीने लिहिलंय. असं कोण करतं?"

मी म्हटलं, असलं घरचं दाखवत नाहीत. ती हिरमुसली. मी वही काढून परत फोटोपुढे ठेवली.

आता ऐक, जे तुला माहीत नाही. त्या वहीत शेवटच्या सात वेळचा श्वास मी मोजलेला नाही.

आम्हा नर्सांची एक खोड आहे. ताप थर्मामीटरवर दिसतो, रक्तदाब मशिनवर दिसतो, नाडी बोटाला लागते. श्वास मात्र घड्याळ धरून, माणसाच्या छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. चाळीस पेशंट असले तर चाळीस मिनिटं. तेवढी कुणाकडे असतात? मग सगळ्यांच्या नावापुढे वीस लिहायचं. वॉर्डात सगळ्यांचाच श्वास मिनिटाला वीस असतो. पहिल्या वर्षी मला नवल वाटायचं, तिसऱ्या वर्षी मीही लिहायला लागले. सीनियर सिस्टरनी बघितलं तरी त्या काही म्हणायच्या नाहीत, त्यांच्या स्वतःच्या चार्टवरही वीसच असायचं.

घरी मी तसं करत नव्हते. पहिले दोन-अडीच आठवडे रोज तीन वेळा मोजलं. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, श्वास पंचवीसच्या वर गेला तर थांबू नका, घेऊन या. शेवटी शेवटी परीक्षा आली, जागरणं झाली, कंटाळा आला, आणि वॉर्डातली सवय घरात शिरली. गुरुवार सकाळपासून शनिवार सकाळपर्यंत वीस, वीस, वीस. तू फोन केलास तेव्हा मी वही समोर धरूनच तुला वाचून दाखवलं होतं. "श्वास वीस आहे, अगदी नॉर्मल." तू इंजिनियर माणूस, आकड्यावर विश्वास ठेवलास.

भव्याला हे सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी, संध्याकाळ

दादा,

बुधवारचं पत्र टाकलं नाही, ते आता याच्यासोबत येईल. त्यात कारण म्हणून जे लिहिलंय ते पुरतं खरं नाही. तरी तसंच ठेवते.

सकाळी भव्या बसस्टॉपपर्यंत आली. माझ्या अंबाड्याला तिने जाळी लावली, मोगरा लावू दिला नाही, इंटरव्ह्यूत फूल नको म्हणाली, आणि स्वतःच्या केसातल्यातलं एक तोडून माझ्या पर्समध्ये टाकलं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरमध्ये तीसेक मुली होत्या, सगळ्यांच्या मांडीवर सारख्याच फायली. माझा नंबर सतरावा होता.

आत तिघं होते. एचआरचा एक तरुण, एक डॉक्टर, आणि मेट्रन. साठीच्या असतील, पांढरी साडी, चष्मा दोरीने गळ्यात. एचआरवाल्याने स्वतःबद्दल सांगायला सांगितलं, मी घडाघडा म्हटलं. डॉक्टरांनी दोन औषधांचे डोस विचारले, तेही आले. मला वाटायला लागलं की जमतंय. मेट्रन काही विचारत नव्हत्या, माझी फाइल एकेक पान उलटत होत्या. शेवटच्या कव्हरात त्यांना निळी वही सापडली.

मी अंघोळीला गेले होते तेव्हा आईने ती परत घातली होती.

पुठ्ठ्यावरचं हळदकुंकू त्यांच्या बोटाला लागलं. त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, माझ्या वडिलांचा चार्ट, घरचा, हृदयाच्या आजारातला. त्यांनी चष्मा लावला. मराठी त्यांना येत नाही, पण रकान्यांवर मी इंग्रजीच अक्षरं घातली होती आणि आकड्यांना कुठली भाषा लागते? त्यांनी ताप बघितला नाही, रक्तदाब बघितला नाही. सरळ श्वासाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि बोट खाली खाली नेत गेल्या. एकोणीस, बावीस, एकवीस, तेवीस, बावीस, तेवीस, चोवीस. तिथे बोट थांबलं. मग वीस, वीस, वीस, वीस, वीस, वीस, वीस. त्यापुढे पान कोरं होतं.

त्या हळूच, तमिळमध्ये म्हणाल्या, "मूच्चु एण्णिनियाम्मा?" श्वास मोजलास का गं.

दादा, असा प्रश्न मला सहा महिन्यांत कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, नाही मॅडम. त्या म्हणाल्या, चोवीसपर्यंत मोजलास, मग का थांबलीस? एचआरवाल्याने घड्याळाकडे बघितलं. मेट्रननी त्याला हाताने थांबवलं.

परीक्षा होती असं मी तुला लिहिलं होतं. परीक्षा नव्हती तेव्हा, परीक्षा पुढच्या महिन्यात होती. बुधवारी संध्याकाळी चोवीस मोजले आणि मला कळलं की उद्या सव्वीस असतील. सव्वीस झाले की बाबांना परत न्यायचं, आणि आयसीयू, आणि नळ्या, आणि ते सगळं मी वॉर्डात बघितलेलं होतं. मी मोजलं नाही तर ते होणार नाही असं मला वाटलं. नर्स असून वाटलं. गुरुवारी सकाळी मी बाबांच्या शेजारी घड्याळ घेऊन बसले आणि त्यांच्या छातीकडे बघितलंच नाही. खिडकीतल्या कढीपत्त्याकडे बघत एक मिनिट काढलं आणि वीस लिहिलं. तेच सात वेळा. हे सगळं मी त्या तिघांना सांगितलं. इंग्रजीत सुरुवात केली होती, दुसऱ्या वाक्यापासून तमिळमध्ये गेले. तुझ्या फोनबद्दलही सांगितलं.

मेट्रननी वही मिटली. म्हणाल्या, "मोजलं असतंस तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. त्या हृदयाचं ते तसंच होतं बहुतेक. पण तुला दोन दिवस आधी कळलं असतं." एवढंच म्हणाल्या. बाकीचं मी स्वतःच पुढे जोडलं. मला कळलं असतं तर तुला कळलं असतं. तू शुक्रवारी सकाळच्या विमानात असतास.

मला वाटलं आता जा म्हणतील. त्या उठल्या आणि म्हणाल्या, माझ्याबरोबर चल. खालच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते, उशांना टेकून बसलेले. मेट्रन म्हणाल्या, घे यांचं.

मी त्यांचं मनगट धरलं. नाडी झाली. मग मनगट सोडायचं नाही, नाडीच बघतो आहोत असं भासवून श्वास मोजायचा, कारण आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस तो बदलतो. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मी त्यांच्या छातीकडे बघितलं. एक मिनिट किती मोठं असतं, दादा. त्या एका मिनिटात ते आजोबा मला विचारत होते, कुठल्या गावची तू, आणि मला उत्तर देता येत नव्हतं. अठ्ठावीस झाले. मेट्रनही लांबून मोजत होत्या. त्यांनी विचारलं, किती? मी म्हटलं, अठ्ठावीस. म्हणाल्या, लिही.

लिहिताना माझे डोळे भरून आले आणि आकडा वेडावाकडा आला. त्यांनी बाजूला वेळ घालायला सांगितली. लिफ्टजवळ मला वही परत दिली आणि विचारलं, "घरी माहीत आहे?" मी नाही म्हटलं. "मग आधी घरी," म्हणाल्या.

नोकरीचं कळवतील. आई विचारते आहे, कसा झाला. मी म्हटलं, बरा. तिने विचारलं, वही बघितली का त्यांनी? मी म्हटलं, हो, नीट बघितली. तिचा चेहरा इतका खुलला की मला पुढचं बोलवलं नाही.

आवडी, गुरुवार, २६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

शनिवारी सकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी समोर खाली बसले आणि सगळं सांगितलं, वीस आकड्याचं, चोवीसचं, कढीपत्त्याकडे बघत बसले त्याचं, आणि तुझ्या फोनचं. मला वाटलं होतं ती आधी श्वासाचं विचारेल. मोजलं असतं तर वाचले असते का, हेच विचारेल, आणि त्याचं उत्तर मी मेट्रनच्या शब्दांत तयार ठेवलं होतं.

तिने ते विचारलंच नाही. ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "म्हणजे अमोघ येणार होता?"

मी म्हटलं, हो.

"तिकीट काढलं होतं त्याने?"

हो.

"आणि मी त्याला सगळ्यांसमोर तसं बोलले." मग उठली, फोटोपुढून वही उचलली आणि माझ्या हातात आणून दिली. रागावून नाही. परक्याची वस्तू द्यावी तशी. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. पान वाढते, गरम पोळी टाकते, दुपारी मी झोपले तर पंखा वाढवते. बोलत नाही.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा ती तो घेऊन बाल्कनीत गेली. मला फक्त "जेवलास का" ऐकू आलं. मग ती कठडा धरून नुसती उभी होती. तू 'हॅलो, हॅलो' म्हणत असशील. नेटवर्क नाही म्हणून तू ठेवला असशील. नेटवर्क होतं, दादा. आत आल्यावर ती पाच दिवसांतलं एकच वाक्य बोलली, "तू लिही त्याला. माझ्याच्याने होत नाही."

आत्यालाही फोन केला. ती म्हणाली, मी त्याच्या तोंडासमोर बोलले, आता हे कुठल्या तोंडाने फिरवू? मी म्हटलं, ते तू बघ. मी आत्याशी असं पहिल्यांदाच बोलले.

काल हॉस्पिटलमधून फोन आला. मला घेतलं. एक मार्चपासून. मेट्रननी एक अट घातली आहे, पहिले तीन महिने माझ्या प्रत्येक चार्टवर सीनियरची सही लागेल. मी कबूल झाले. भव्याला कळवलं तर ती रस्त्यातच ओरडली. घरात आई देवाजवळ साखर ठेवून आली आणि एक चिमूट माझ्या हातावर ठेवली, माझ्याकडे न बघता. तू सहा वर्षांच्या मला घेणार नाहीत म्हणाला होतास, ते मला त्या साखरेबरोबर आठवलं आणि तुला सांगायला कुणी नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी पहिला फोन मी तुला लावला असता.

माफ कर असं मी लिहिणार होते. लिहून बघितलं, ते मलाच पटलं नाही. तू ते करावंस म्हणून हे पाठवत नाही. तू त्या खोलीत शर्टाची बटणं काढत माझी चूक स्वतःवर घेतलीस, ती परत घ्यायला पाठवते आहे.

सोबत वही आहे. शेवटचं पान बघ. सातही वेळच्या विसावर मी एकेक सरळ रेघ मारली आहे. खालचा आकडा वाचता येतो. बाजूला 'मोजला नाही' लिहून सही आणि आजची तारीख घातली आहे. त्याखाली ज्या दोन नोंदी राहून गेल्या होत्या, त्या केल्या आहेत. पहिली तुला माहीत आहे. दुसरी माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. बाबा किती उशांवर आहेत हे तू रोज विचारायचास, तेव्हा तीन होत्या. तीन उशांशिवाय त्यांना आडवं होता येत नव्हतं, दम लागायचा; उशी कमी झाली म्हणजे तेवढं बरं वाटतंय असं आपण धरायचो. त्यांनी तुझ्यासाठी दिलेला निरोप मी तुला दिला नाही, कारण तो देताना, तू न येण्याचं कारण मी त्यांना खोटं सांगितलं होतं, हेही तुला सांगावं लागलं असतं.

पान हरवलं तर म्हणून इथेही उतरवते.

उशिरा केलेली नोंद. गुरुवार, ३१ जुलै, दुपार. अमोघचा फोन. 'येऊ का' असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नको म्हणाले. सही, ऊर्मी.

उशिरा केलेली नोंद. शुक्रवार, १ ऑगस्ट, दुपार. पेशंटने विचारलं, अमोघ कधी येतोय. मी सांगितलं, त्याला आत्ता जमत नाही, दिवाळीला येईल. पेशंट म्हणाले, "बरं. त्याला म्हणावं, घाई करू नकोस. तू येईपर्यंत मी एका उशीवर येतो." सही, ऊर्मी.